आमच्या पेटीचा गंधार

प्रवेशाच्या परीक्षेत मी गायला बसले आणि दुसऱ्याच ओळीला मॅडमनी हात वर केला. मी थांबले. समोर तीन परीक्षक, मागे तंबोरा चालू, खिडकीबाहेर महामार्गावरचे ट्रेलर. मॅडम म्हणाल्या, "तो गंधार पुन्हा लाव." मी लावला. "पुन्हा." पुन्हा लावला. मग शेजारच्या सरांकडे बघत त्यांनी मला विचारलं, "हा कुठून आणलास गं?"

"घरून," मी म्हणाले.

तिघंही हसले. मीही हसले. मला वाटलं, कौतुक चाललंय.

गंधार म्हणजे सा रे ग मधला ग. ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, माझा ग त्याच्या जागेपेक्षा केसभर खाली होता. एखाद्या वेळी चुकून नव्हे, दर वेळी, आणि दर वेळी तेवढाच. बेसूर गाणाऱ्याचा सूर इकडेतिकडे भटकतो. माझा भटकत नव्हता. चुकीच्या जागी ठाण मांडून बसला होता. मॅडमना त्याचंच नवल वाटलं असावं, कारण एवढं होऊनही त्यांनी मला घेतलं.

तेव्हा आईला जाऊन सहा महिने झाले होते.

आमचं संगीत महाविद्यालय खालापूर तालुक्यात, कुंभिवलीच्या पुढे रस्त्यापासून थोडं आत, एका ट्रस्टच्या जुन्या इमारतीत होतं. चार वर्षांची पदवी, वसतिगृह आवारातच. सकाळी जवळच्या कारखान्याचा भोंगा वाजला की आमचा रियाज सुरू. गावाकडे कोणाचा विश्वास बसत नव्हता. चुलतीनं विचारलं, "गान्याची पन डिग्री असते? मंग पास झाल्यावर करनार काय, मंडपवाल्याकडं जानार?" बाबा म्हणाले, "मंडपवाला तरी बिनसूर मानसं कशापायी ठेवंल?" तिला ते टोमणा म्हणून लागलं की नाही, कोण जाणे. पण त्यानंतर तिनं विचारलं नाही.

बाबा भिवपुरीच्या वीजकेंद्रात फिटर होते. माझा जन्म तिथल्या क्वार्टर्समधला. त्यांचे हात कानस, पाना, पॉलिश पेपर यांत घडलेले, आणि त्याच हातांनी ते पेटी वाजवायचे. शिकले कोणाकडे तर क्वार्टर्सच्या भजनी मंडळात, बघून बघून. पण कान तिखट होता. सांगायचे, "आमचं मशीन पांढरी पाच आन् काळी चार यांच्या मदी गातं. कुनाच्या बापाला धरता यायचं नाय." पेटीच्या पट्ट्यांना अशी नावं असतात, रंग आणि आकडा. आई काळी चारमधून गायची. तो सा धरला की गंधार येतो वरच्या पांढरी एकवर. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळेल.

आई काही शिकलेली गायिका नव्हती. बाबा पहिल्या पाळीवरून आले, हातपाय धुतले, चहा झाला की पेटी खाटेवर यायची. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मेथी नाहीतर तांदूळ निवडत असायची आणि तिथूनच गायची. तिच्या माहेरचं एक गौरीचं गाणं होतं. गौरी वर्षातून एकदा येतात, हे गाणं बारा महिने चालायचं. शेजारणी म्हणायच्या, "सगल्यांच्या गौराय गेल्या विसर्जनाला, हिच्या घरात मुक्कामालाच हायेत." त्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीत एक लांब थांबण्याची जागा आहे, गंधारावर. तिथं आली की आई मान जराशी कलती करायची आणि तिचे निवडणारे हात थांबायचे. बाबांचं बोट पांढरी एकवर दाबलेलं. दोघंही एकमेकांकडे बघायची नाहीत. मी खाटेखाली बाहुली घेऊन, पुढे दप्तर घेऊन, आणखी पुढे फोन घेऊन, पण तिथंच असायचे. मला कोणी गाणं शिकवलं नाही. मी ते ऐकत मोठी झाले एवढंच.

बारावीत होते तेव्हा आईला कावीळ झाली. तिनं अंगावर काढली आणि पंधरा दिवसांत गेली. त्याच वर्षी बाबा निवृत्त झाले. क्वार्टर्स सोडून आम्ही गावी आलो. कशेळ्यातून जीपनं आत गेलं की आमचं गाव, भावकीच्या घरांना लागून आमच्या दोन खोल्या आणि मागे थोडं भाताचं शेत.

बाबा दिवसभर काही ना काही करत राहायचे. बांध घाल, पंप उघड, कोणाची सायकल नीट कर. बोलायचे कमी, जेवायचे त्याहून कमी. पण दिवे लागायच्या वेळी पेटी काढायचे आणि ते गौरीचं गाणं वाजवायचे. गायचे नाहीत, फक्त वाजवायचे. दुसऱ्या ओळीला पांढरी एकवर बोट ठेवून थांबायचे, आई थांबायची बरोबर तेवढंच. पुढची ओळ सुरू व्हायच्या आत त्यांचा चेहरा सैल झालेला असायचा. त्यानंतर ते मला विचारायचे, "काय गं बाय, भाकरी टाकतेस का मी टाकू?" दिवसभरातलं त्यांचं ते पहिलं धड वाक्य. त्या पेटीवर आमचं घर चाललं होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच पुढच्या गोष्टीची लाज जास्त वाटते.

प्रवेशअर्जासोबत गाण्याचा व्हिडिओ पाठवायचा होता. बाबांनी फोन पाण्याच्या हंड्याला टेकवून उभा केला आणि स्वतः पेटीवर बसले. मी आईचंच गाणं गायले. दुसऱ्या ओळीत बाबांची पांढरी एक आणि माझा गंधार एकमेकांत असे मिसळले की कुठला कोणाचा ते कळत नव्हतं. बाबांनी तो व्हिडिओ जीपवाल्याला दाखवला, कशेळ्यातल्या चहावाल्याला दाखवला, बँकेत रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी बाईलाही दाखवला.

महाविद्यालयात पहिले सहा महिने मॅडमनी मला फक्त दोन सूर दिले, सा आणि ग. बाकीच्या मुली यमनमध्ये पोहत होत्या आणि मी काठावर. "ऐक," मॅडम म्हणायच्या. "तू गाऊ नकोस, ऐक. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट वाजली की तिच्या आतून गंधार ऐकू येतो. तिथं जाऊन बस." मला तो ऐकू यायचा. गळा मात्र आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसायचा. वसतिगृहात माझं नावच पडलं 'घरून'. "घरून, मीठ दे." "घरून, तुझी आंघोळ झाली का?" मी वरून हसायचे. आतून तळपायाची आग मस्तकात जायची. मला मुळात राग लवकर येतो, आणि ज्याच्यावर काढायला हवा त्याच्यावर तो कधीच निघत नाही.

तो निघाला असा. पहिल्या वर्षाच्या शेवटी वर्गातली एक मुलगी दोन दिवस आमच्याकडे राहायला आली. बाबांनी चहाबरोबर तिला व्हिडिओ दाखवला. ती शेवटपर्यंत ऐकत बसली, दुसऱ्या ओळीला तिनं ओठ आत घेतले आणि डोळे माझ्याकडे वळवले. "छान आहे काका," म्हणाली. ती गेल्यावर मी बाबांचा फोन हातात घेतला, जागा भरलीय म्हणून साफ करते म्हटलं, आणि व्हिडिओ पुसून टाकला. माझ्या फोनमधलाही पुसला. पुसलेलं जिथं जाऊन पडतं तिथूनही काढला. एवढं झाल्यावर फार हलकं वाटलं. बाबा आठवडाभर शोधत होते. "फोननंच खाल्ला वाटतं," म्हणाले.

"हो," मी म्हणाले, "जुना झालाय ना."

दुसऱ्या वर्षाच्या एका सकाळी गंधार लागला. कसा लागला ते सांगता येणार नाही. रोजच्यासारखा लावला आणि तंबोऱ्यात विरघळून दिसेनासा झाला. मॅडमनी हातातली वही खाली ठेवली. "आता हलू नकोस तिथून," म्हणाल्या. मी हलले नाही. तीन महिन्यांत मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी गंधार जागेवर लागला असता. माझ्यासारखी सुखी मुलगी त्या वर्षी खालापूर तालुक्यात दुसरी नसेल.

मग घरी आलं की पेटी ऐकवेना. बाबांचं बोट पांढरी एकवर गेलं की भातात खडा लागावा तसं व्हायचं. पट्टीचा सूर उतरलेला होता, हे आता मला स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणजे माझ्या दीड वर्षाच्या फजितीचं मूळ हे. आई बिचारी त्या बिघडलेल्या पेटीबरोबर गात राहिली आणि तिचं ऐकून मी. मला दोघांचीही कीव आली. कीव यावी इतकी मी शहाणी झाले होते. दिवे लागायच्या वेळी दोरीवरचे कपडे काढायच्या निमित्तानं मी अंगणात जायला लागले. वाळलेले कपडे रोज कुठून येणार? पण बाबांनी कधी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षाला वाद्यांची देखभाल शिकवायला एक म्हातारे कारागीर यायचे, पंधरा दिवसांतून एकदा, पाठीवर अवजारांची पिशवी घेऊन. पेटी उघडायची कशी, भात्याचं चामडं तपासायचं कसं, सूर म्हणजे ती पितळेची पातळ जीभ काढायची कशी, हे त्यांनी आम्हाला हाताला धरून शिकवलं. टोकाशी खरवडलं तर सूर चढतो, बुडाशी खरवडलं तर उतरतो. "आणि बेतानं," ते म्हणायचे. "काढलेलं पितळ परत लावता येत नाही." त्यांचा एक नियम होता, तो ते दर वेळी सांगायचे. दुसऱ्याची पेटी उघडण्याआधी मालकाला समोर बसवायचं आणि त्याच्या आवडीचं काहीतरी वाजवायला सांगायचं. आपण सूर ऐकायचे नाहीत, बोटं बघायची. ज्या पट्टीवर त्याचं बोट रेंगाळतं, त्या पट्टीला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, मग ती कितीही बिघडलेली असो. आम्ही हा नियम वहीत लिहून घेतला. पहिल्याच चाचणीत त्यावर प्रश्न आला होता, मला पूर्ण गुण मिळाले.

त्याच वर्षी गौरीच्या सुट्टीत मी घरी आले. अवजारं कारागिरांकडून मागून आणली होती. गौरी बसायच्या दिवशी बाबा सामान आणायला जीपनं कशेळ्याला गेले आणि मी पेटी उघडली. त्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर गंमत काय राहिली?

पांढरी एकचा सूर काढून उजेडात धरला. आमची पेटी एकेरी सुरांची, म्हणजे एका पट्टीला एकच जीभ. तिच्या बुडाशी बारीक ओरखडे होते. सरळ, एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर. मला वाटलं, पेटी बनवणाऱ्यानं कच्चं काम केलंय. तिसऱ्या वर्षाला पोचून मला एवढंही सुचलं नाही की बुडाशी ओरखडे म्हणजे कोणीतरी सूर मुद्दाम उतरवलाय, आणि असे नेमके ओरखडे पेटीवाल्याचे नसतात, फिटरचे असतात.

मी टोकाशी चार हलके हात मारले, फोनवरच्या सूर मोजायच्या ॲपचा काटा बघितला, आणखी दोन मारले. काटा मध्यावर आला. बाकीच्या पट्ट्यांवरची धूळ झटकली, भाता पुसला, पेटी जागच्या जागी ठेवली. बाबा आले तेव्हा मी गौरीसमोर रांगोळी काढत होते आणि हसू आवरत नव्हतं.

संध्याकाळी भावकीतल्या बायका जमल्या. बाबांनी पेटी पुढ्यात घेतली आणि आईचं गाणं धरलं. दुसऱ्या ओळीला बोट पांढरी एकवर गेलं. सूर निघाला, लखलखीत, जागेवर. बाबांनी बोट उचललं. पट्टीकडे बघितलं. परत दाबलं.

"सूर केलास व्हय?"

"हो. उतरला होता."

"आता बराबर हाय?"

"अगदी बरोबर."

"बरं झालं," बाबा म्हणाले. मग त्यांनी आरती वाजवली, बायकांची गाणी वाजवली, फेर संपेपर्यंत बसून राहिले. ते गाणं मात्र पुढे नेलं नाही. मला वाटलं, भारावलेत. शिक्षण जरा जास्त झालं की दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थही माणूस आपल्या बाजूनं लावून घेतो.

दिवाळीत आले तेव्हा पेटी दिसली नाही. माळ्यावर गोधड्यांच्या खाली होती. चुलती म्हणाली, "गौरी गेल्यापास्नं हात लावला नाय त्यानं. सांजचा नुस्ता बसून ऱ्हातो. तू इचार गं बाय, आमाला काय सांगत नाय."

बाबा मागच्या पडवीत विळ्याला कानस मारत बसले होते. भात कापायला आलं होतं. मी पेटीचं विचारलं तर म्हणाले, हात दुखतो. ज्या हातानं कानस चालली होती तोच.

"बाबा, खरं सांगा. पांढरी एक आवडली नाही का?"

"आवडायचं काय त्यात? तू केलंस ते बराबरच असनार. शिकलीस तू."

"मग?"

कानस थांबली. "ती पट्टी मीच उतरवली व्हती," ते म्हणाले. "लगीन झालं त्याच वरसी. तुज्या आईचा आवाज तितंच बसायचा, जरासा खाली. मी वाजवाय लागलो का दोगांची भांडनं. सुरांची म्हनतोय मी. तिला काय कलायचं नाय, पन ती तितं आली का दबायची. मंग एक दिस ती माहेरी गेलती तवा कामावरनं बारीक कानस आनली आन् दिला उतरवून. आली, गायली, आन् तितं अशी थांबली का मला म्हनते, आज पेटी गोड वाजते."

"तिला सांगितलं नाही तुम्ही?"

"तिला सांगितलं असतं तर ती गायचीच थांबली असती. पेटीचं काय, पेटी रुसत नाय."

मी तिथंच खाली बसले. माझ्या डोळ्यांसमोर ते सरळ ओरखडे आले, सारख्या अंतरावरचे. मी रडले असते तर बरं झालं असतं, पण मला घाई झाली. मी माळ्यावरून पेटी काढली, गौरीपासून घरीच राहिलेल्या अवजारांनी उघडली, सूर हातात घेतला. म्हटलं, "तुम्ही सांगा, मी परत उतरवते. कुठं होता तो?"

मी बुडाशी हात मारायचा, सूर बसवायचा, बाबांनी भाता मारून ऐकायचं. "आनखी," ते म्हणाले. आणखी. "आनखी उलीसा." मग म्हणाले, "गेला गं, जास्त गेला." मी टोकाशी मारून वर आणला. "आता वर." पुन्हा बुडाशी. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. जीभ पातळ होत चालली होती. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर बाबांच्या चेहऱ्यावर ते दिसलं, त्यांनाही आता आठवत नव्हतं. इतके वेगवेगळे सूर कानावर पडल्यावर खरा कुठला, ते त्यांच्या कानातूनही पुसलं गेलं होतं.

"थांब," ते एकदम म्हणाले. त्यांना केवढं तरी सापडल्यासारखं झालं. "तू गा ना! तुज्या गल्यात हाय तो. तू गा, मी त्याला पट्टी लावून घेतो."

मी काळी चारचा सा घेतला आणि आईचं गाणं धरलं. दुसऱ्या ओळीला गंधार लागला, स्वच्छ, मॅडमच्या तंबोऱ्यातला.

"तसा नाय. आदीचा."

मी पुन्हा लावला. पुन्हा तोच. मग मी मुद्दाम खाली घ्यायला लागले. एकदा फार खाली गेला, एकदा थरथरला, एकदा कुठं अधेमधे. जो गंधार घालवायला मला दीड वर्ष लागलं होतं, तो आता हाका मारूनही येईना. बाबा डोळे मिटून, मान हलवत ऐकत होते. "नाय. ह्यो बी तिचा नाय."

आईचं गाणं कुठं साठवलेलं नव्हतं. तिच्याकडे फोन धरला की ती पदर तोंडाला लावायची. क्वार्टर्समधल्या गौरीची एक चित्रफीत आहे. त्यात ती फेरात आहे, पण वीस बायकांच्या टाळ्यांत तिचा आवाज वेगळा निघत नाही.

"तो तुजा व्हिडो असता तर," बाबा म्हणाले. "त्यात दोनी व्हतं. पेटी पन आन् तू पन."

महाविद्यालयात फोन करून बघितलं. जुन्या अर्जांचे व्हिडिओ दरवर्षी काढून टाकतात, असं कार्यालयातून सांगितलं. मग मला खरं बोलण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. मी सांगितलं, बाबा, तो मी पुसला. मला लाज वाटत होती.

बाबांनी पेटीच्या भात्यावर हात ठेवला. "मंजी फोननं नाय खाल्ला," ते म्हणाले. एवढंच. ते ओरडले असते तर मी आजवर त्यांच्याशी भांडून मोकळी झाले असते.

सूर कुठंतरी जवळपास ठेवून मी पेटी बंद केली. कारागिरांना अवजारं परत करताना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मालकाला वाजवायला बसवलं नव्हतंस?" मी नाही म्हटलं. त्यांनी पिशवीची दोरी आवळली आणि पाणी मागितलं.

चौथ्या वर्षाच्या शेवटी मंचावर गाण्याची परीक्षा असते, घरचेही येतात. बाबा सकाळची पहिली जीप पकडून, कर्जतहून चौकमार्गे एसटीनं आले. इस्त्रीचा शर्ट, पहिल्या रांगेच्या अगदी कडेची खुर्ची. मी यमन गायले. त्या रागाचा जीव गंधारात असतो, आणि माझा गंधार त्या दिवशी कुठंच डगमगला नाही. उतरल्यावर मॅडम मला घेऊन बाबांकडे गेल्या. म्हणाल्या, "ऐकलात हिचा गंधार? आली तेव्हा किती खाली होता माहितीये? आता या वर्गात एवढा स्वच्छ दुसरा कोणाचा नाही."

"व्हय," बाबा म्हणाले, "लय साफ झाला." आणि त्यांनी मॅडमना हात जोडले. त्यांना आनंद झाला होता, खरोखर झाला होता. मी त्यांच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन नळाकडे गेले आणि तिथं रडले. वर्गातल्या मुलींना वाटलं, पास होण्याच्या आनंदानं रडतेय. एकीनं पाठीवर हात ठेवून म्हटलं, "बस आता, घरून."

पदवी घेऊन मी घरी आले. आता कर्जतमध्ये दोन शाळांत गाणं शिकवते, संध्याकाळी गावी परत. मुलांचा गंधार खाली गेला तर मी दुरुस्त करते, कारण त्याचाच पगार घेते. पण कोणाला 'कुठून आणलास' असं विचारत नाही.

पावसाळ्याआधी एकदा दारात आले तर आतून पेटी ऐकू आली. बाबांनी माळ्यावरून आपणच काढली होती. गौरीचं गाणं चालू होतं. मी चपला हातात घेऊन उभी राहिले. दुसरी ओळ आली. बाबांचं बोट पांढरी एकवर गेलं आणि न दाबता नुसतं टेकून राहिलं. डाव्या हातानं भाता चालू होता, हवा येत होती आणि सुराशिवायच निघून जात होती. आई थांबायची बरोबर तेवढा वेळ.

आता रोज असंच होतं. मी उंबऱ्यात बसून मेथी निवडते. बाबा मला गा म्हणत नाहीत आणि मीही गात नाही. ती जागा आली की माझे हात थांबतात. तेवढा वेळ गेला की बाबा तिसऱ्या ओळीला लागतात, आणि गाणं संपल्यावर विचारतात, भाकरी कोण टाकणार.